एकशे अठरा नंबरचे दार

दार घराचे असते की माणसाचे, हा प्रश्न मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. चिंचवडला ज्या घरात आम्ही राहतो तिथे आम्ही आलो तेव्हा दार होते आणि उद्या घर सोडले तर ते तिथेच राहील. आधीच्या बिऱ्हाडकरूने त्यावर मारलेला खिळा अजून आहे. आमची छत्री त्याला लटकते. यात विचार करण्यासारखे काही असेल असे मला कधी वाटले नाही, आणि त्यापायी एका भल्या माणसाला मी जवळजवळ देशाबाहेर काढले होते. ती हकिगत सांगतो.

मी तालुका कचेरीत कारकून आहे. नोकरीला एकोणीस वर्षे झाली. मला आकड्यांची आवड आहे. घरी म्हणतात की मी जेवतानासुद्धा पोळ्या मोजतो. हे खरे आहे. पण मोजतो म्हणून कमी खातो असे नाही. या आवडीमुळेच असेल, तीन वर्षांमागे पिंपरीच्या निर्वासित वसाहतीचे आणि आसपासच्या चार गावांचे काम माझ्याकडे आले.

काम दुहेरी होते. पहिले घरयादीचे. निवडणूक जवळ आली की मतदारयादी नव्याने तपासतात, आणि त्यासाठी आधी घरे मोजावी लागतात. प्रत्येक घराला नंबर द्यायचा, ज्यांचा स्वयंपाक एका चुलीवर होतो ते एक कुटुंब धरायचे, आणि कोण कुठे राहतो ते लिहायचे. नंबर नाही तर घर नाही, घर नाही तर यादीत नाव नाही. बाहेरच्या माणसाला हे रुक्ष वाटते. मला वाटत नाही.

दुसरे काम नागरिकत्वाच्या अर्जांचे. वसाहतीतले बहुतेक लोक फाळणीनंतर लगेच आले होते. ते घटनेनेच नागरिक झाले. पण काही जण मागाहून आले, परवान्यावर. त्यांच्यासाठी नवा कायदा झाला होता. अर्ज करायचा, निदान सहा महिने इथे राहत असल्याचे दाखवायचे, मग चौकशी, मग अधिकाऱ्यासमोर शपथ आणि हातात कागद. तो कागद मिळेपर्यंत माणूस इथे राहू शके, काम करू शके, मुलींना शाळेत घालू शके. पण मत देऊ शकत नसे आणि त्याचे राहणे परवान्याच्या मुदतीवर लोंबकळत असे. चौकशी म्हणजे मी.

चौकशीची माझी एक पद्धत होती. दारात जाऊन ‘अमुक इथे राहतात का?’ असे मी कधीच विचारत नसे. तसे विचारले की माणसे भिडेखातर हो म्हणतात. मी विचारत असे, ‘इथे कोण राहते?’ अर्जातले नाव त्यांनी आपणहून सांगितले तर खरे. शिवाय मी चौकशीला आलो आहे हेही सांगायचे नाही. अशा तीन फेऱ्या, तीन वेगवेगळ्या वारी. या पद्धतीचा मला अभिमान होता.

आधी घरांना नंबर टाकले. माझ्याबरोबर कोतवाल सखाराम असे. त्याच्या एका हातात डांबराचा डबा, दुसऱ्यात काथ्याचा कुंचा. थेरगावात नंबर टाकताना धोंडिबा नावाचे एक म्हातारे शेतकरी भेटले. ओट्यावर बसून ते कुंच्याकडे बराच वेळ बघत होते.

“भाऊसाहेब, त्या कॅम्पातल्या लोकांस्नी सरकार कागद देतंय म्हनं. ह्यो मानूस हितला हाय म्हून.”

“काहींना देतं, आजोबा.”

“मग मला?”

“तुम्हाला लागत नाही. तुम्ही इथंच जन्मलात.”

“ह्ये कोन म्हंतं?”

“कोण म्हणजे? सगळेच म्हणतात.”

“सगळी म्हंत्यात, व्हय. पन कागद कुटं हाय?”

जन्माची नोंद आहे का, असे मी विचारले. ते म्हणाले, “जत्रा उठली आन् मी झालो, असं आई सांगायची. कुटल्या सालची जत्रा ते तिला ठावं.” मी त्यांच्या चौकटीवर नंबर टाकून घेतला आणि पुढे निघालो. उत्तर नसले की पुढे निघावे, हे नोकरीत लवकर शिकता येते.

वसाहत म्हणजे लष्कराच्या जुन्या बराकी. बारा बराकी, एकीसारखी दुसरी. आत आडव्या भिंती घालून खोल्या पाडलेल्या, एकूण दोनशे चौदा. प्रत्येक खोलीसाठी भिंत फोडून वाट केलेली, पण चौकट नाही आणि दारही नाही. दार ज्याचे त्याने करायचे.

सखारामने विचारले, “भाऊसाहेब, नंबर भितीवर घालू का दारावर?”

भिंतीला हात लावला तर चुना हाताला आला. मी म्हणालो, “दारावर घाल. भिंतीवर टिकायचा नाही.”

“घालतो. पन भितच बरी व्हती.”

“का?”

“भित जागची हालत न्हाई.”

मला वाटले तो सहज बोलला. दोनशे चौदा नंबर दोन दिवसांत दारांवर पडले. त्यानंतर कुठे दाराऐवजी गोणपाट दिसले की ते नवे बिऱ्हाड समजून मी पुढच्या यादीसाठी ठेवून देई.

ही दारे बहुतेक एकाच माणसाने केलेली होती. सहाव्या आणि सातव्या बराकीच्या मधे कडुलिंब आहे, त्याखाली तो रंधा मारत बसलेला असे. साऱ्या वसाहतीत त्याला मिस्त्री म्हणत, म्हणून मीही म्हणे. चहाच्या पेट्या, साबणाची खोकी, यंत्रे येतात ती मोठी खोकी, यांच्या फळ्यांतून तो दारे करी. फळ्यांवरची छापील अक्षरे तशीच राहत. एका दारावर साबणाचे अर्धे नाव होते आणि उरलेले अर्धे तीन बराकी पलीकडे. माझ्या कागदांच्या पेटीची बिजागरी तुटली होती, ती त्याने न मागता बसवून दिली, वर धरायला मूठही केली.

“घ्या साईं. सरकारची पेटी आहे, उघडी बरी नाही.”

मराठी तो पिंपरीच्या बाजारात शिकला होता; ‘साईं’ हे मात्र तिकडचे, आपल्या ‘साहेब’सारखे. माणूस बोलका. एकदा त्याने विचारले, “साईं, तो चौकशीवाला साहेब कधी येणार?”

“कसली चौकशी?” मी साळसूदपणे म्हणालो.

“नागरिकत्वाची. अर्ज दिला आहे.”

“मला काय ठाऊक? मी नंबरवाला.”

“कसा असतो तो? टोपीवाला?”

“असेल.”

“आम्ही घर सोडत नाही साईं. मी इथे समोर, बायको आत. कधी पण येऊ दे.”

हे त्याने मला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारले आणि तिन्ही वेळा मी हेच सांगितले. तीन फेऱ्या, तीन वार. वसाहतीत अर्ज केलेले बरेच जण होते, सगळेच कुणा साहेबाची वाट बघत होते. त्याचे नाव विचारावे असे मला वाटले नाही. मिस्त्री एवढे पुरत होते.

त्याच तीन दिवशी मी एका अर्जाची चौकशी करत होतो. अर्जदार टेकचंद, मूळचा सिंधमधल्या शिकारपूरचा, सुतार. पत्ता, घर नंबर एकशे अठरा. बायको आणि दोन मुली मेहुण्याबरोबर आधी आल्या होत्या, त्या नागरिक होत्या. म्हातारी आई गाव सोडायला तयार नव्हती म्हणून हा तिच्यापाशी थांबला आणि ती वारल्यावर, बायकोमागून चार वर्षांनी, परवान्यावर आला. परवान्याची मुदत दिवाळीनंतर महिन्याभराने संपत होती. अर्ज मंजूर झाला तर परवान्याचा प्रश्नच उरत नव्हता. दिलेल्या पत्त्यावर राहत नाही असे ठरले तर अर्ज फेटाळला जाणार, परवानाही वाढणार नाही, आणि माणसाला एकट्याने परत जावे लागणार.

आता वाचक म्हणतील की सुतार एवढा शब्द पुरे होता. पण वसाहतीत अर्ध्या अर्जदारांनी धंदा सुतार, शिंपी किंवा फेरीवाला असा लिहिला होता.

पहिल्या फेरीत एकशे अठरा नंबरचे दार सापडले. इथे कोण राहते? गोपालदास, कपड्याची फेरी करणारे. टेकचंद नाही. दुसऱ्या फेरीत त्याच दाराआड भलतेच कुटुंब. मागच्या वेळी कडुलिंब डाव्या हाताला होता, आता उजव्या हाताला आहे, असे मला ओझरते वाटले. पण आकडा डोळ्यांसमोर होता. आकडा आणि कडुलिंब यांत मी आकड्यावर विश्वास ठेवला. तिसऱ्या फेरीत सखाराम आणि मी बाराही बराकी फिरलो. एकशे अठरा कुठेच नव्हता. मी स्वच्छ अक्षरात लिहिले, ‘तीन वेळा समक्ष तपास केला. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचे आढळले नाही.’ सही केली, अहवाल वर पाठवला आणि मिस्त्रीने दुरुस्त केलेल्या पेटीत त्याची नक्कल ठेवली.

पुढच्या सोमवारी मी वसाहतीत शिरलो तर समोरून एक दार चालत येत होते. दाराला खाली चार पाय. वर माझाच नंबर, दोनशे सहा.

“राम राम साईं!” दारामागून आवाज आला. मागच्या बाजूला मिस्त्री होता.

“मिस्त्री, हे काय?”

“वासुमल बिऱ्हाड बदलतो. बाराव्या बराकीतून दुसऱ्या बराकीत, भावाजवळ.”

“तो बदलतोय ते समजलं. दार कुठं नेताय?”

“कुठे म्हणजे? त्याच्या घरी. दार त्याचा आहे. मी त्याला बनवून दिला. सोडून कसा जाईल?”

“अहो, पण नंबर?”

“नंबर पण त्याचाच. तुम्हीच तर लिहून दिला.”

मी पेटी खाली ठेवली. सखाराम दुसरीकडे बघू लागला. त्याचे खांदे हलत होते.

“मिस्त्री, एकशे अठरा नंबरचं दार कुणाचं?”

“तो माझा. पण आता माझ्याकडे नाही.” तो खुशीत सांगू लागला. “गोपालदासच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. त्याचा दार मोडला, वर गोणपाट, बरा दिसत नाही ना? त्याला दिला. मुलगी पसंत पडली. मग त्याच्या साडूने नेला, त्याची पण मुलगी. ती पण पसंत! सगळे बोलले, शुभ दार आहे. मग थेरगावचा एक म्हातारा आला, म्हैस व्यायला झाली, गोठ्याला दार नाही, तरस फिरतो. त्याला दिला. आपल्यासाठी दुसरा बनवू म्हटलं, पण वेळ कुठे मिळतो, साईं?”

कडुलिंबासमोर एका खोलीवर गोणपाट होते. मी महिनाभर त्याच्यासमोर उभा राहून गप्पा मारत होतो.

“तुमचं नाव काय, मिस्त्री?”

“टेकचंद.”

दोनशे सहा नंबरचे दार मी खाली ठेवायला लावले आणि त्यावरच बसलो. मग त्याला सांगितले, की चौकशीवाला साहेब मीच, चौकशी झाली, आणि अहवाल गेला. काय लिहिले तेही सांगितले.

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. नंतर म्हणाला, “पण साईं, मी तुम्हालाच तीनदा विचारलं.”

“हो.”

“तुम्ही बोलले, मी नंबरवाला.”

“हो.”

गोणपाट बाजूला करून त्याची बायको बाहेर आली. ईश्वरीबाई तिचे नाव. तिने सगळे ऐकले होते. ती नवऱ्याकडे वळली. “चार वर्षं मी दोन मुलींना घेऊन एकटी राहिले. याला म्हटलं, आधी आपल्या घराला दार कर. हा म्हणतो, आपल्या घरी कोण येतो?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “याला परत पाठवू नका, साईं. दार मी करून घेते.”

त्या दिवशी जेवताना मी पोळ्या मोजल्या नाहीत. घरी सगळे सांगितले. मला वाटले, बायको धीर देईल. ती म्हणाली, “महिनाभर त्या माणसाशी बोलत होतात आणि नाव विचारलं नाहीत? बरं, आपल्या दूधवाल्याचं नाव काय?”

आठ वर्षे तो आमच्याकडे दूध घालतो. मी म्हणालो, “दूधवाला.”

“सीताराम,” ती म्हणाली आणि भात वाढला.

दुसऱ्या दिवशी मामलेदारांसमोर उभा राहिलो. आमचे तेव्हाचे रावसाहेब कडक, पण हसणे त्यांना वर्ज्य नव्हते.

“म्हणजे तुमचा अहवाल चुकला असं तुम्ही लिहून देताय?”

“होय, रावसाहेब.”

“सोळा वर्षांत पहिल्यांदाच?”

“लेखी पहिल्यांदाच.”

त्यांनी माझे निवेदन पुन्हा वाचले. “‘दारे जागा बदलत असल्याचे आढळून आले.’ हे असंच वर पाठवलं तर ते म्हणतील, आधी कारकुनाला डॉक्टरकडे पाठवा. ते दार कुठं आहे?”

“थेरगावला. गोठ्यात.”

“मग जा. पंचनामा करा. आणि हा मिस्त्री सहा महिन्यांहून जास्त इथं आहे असं सांगणारा वसाहतीबाहेरचा एक साक्षीदार आणा. वसाहतीतले आपसांत साक्ष देतात अशी वर ओरड आहे. पुढच्या बुधवारी मी ऐकतो. आणि मुदत ध्यानात ठेवा. त्याची, तुमची नव्हे.”

थेरगावात त्या गोठ्याशी पोचलो तर ओट्यावर धोंडिबा. गोठ्याला पक्के दार, वर डांबरात एकशे अठरा. म्हैस आत, शेजारी रेडकू.

“या भाऊसाहेब. नंबर पुसाया आला असाल तर पुसू न्हाई द्यायचो. दार आल्यापास्नं गोठ्याला बरकत हाय.”

“पुसत नाही. बघायला आलोय.”

“तुमचा दुसरा मानूस बी आल्ता परवा. नंबर बघून इचारतोय, हितं कोन राहतं? म्या सांगितलं, गंगी. वय इचारलं. म्या म्हनलं, सात. म्हनला, मग मत न्हाई.” धोंडिबांनी तंबाखू मळली. “न्हाई तर न्हाई. तिला कुटं येळ हाय?”

तो माणूस माझ्याच हाताखाली नवा लागला होता. पद्धत मीच शिकवली होती. मी विषय बदलला.

“आजोबा, त्या मिस्त्रीला तुम्ही किती दिवस ओळखता?”

“लई दिस. गंगी मागल्या खेपेला व्याली तवा त्यानं खुटं करून दिल्तं. दावनीचं.”

“म्हणजे कधी?”

“आता ही खेप झाली. ही नव्हं, मागली.”

मी म्हशीच्या दोन वेतांमधले अंतर विचारले, वेतानंतरचे आठवडे मोजले, वहीत बेरीज केली. चौदा महिने. कायद्याला सहा लागत होते. गंगीने आठ जास्तच दिले. सखारामने आणि गावच्या दोन पंचांनी अंगठे उठवले. पंचनाम्यात मी म्हशीचा उल्लेख ‘सदर जनावर’ असा केला.

बुधवारी धोंडिबा धुतलेले पागोटे घालून कचेरीत आले. टेकचंद कोपऱ्यात उभा, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा. रावसाहेबांनी पंचनामा वाचला, एकदा थांबले, खोकल्यासारखे केले आणि पुढे वाचले.

“धोंडिबा, या माणसाला ओळखता?”

“वळखतो की. मिस्त्री.”

“नाव?”

धोंडिबा माझ्याकडे बघू लागले. नावाचे त्यांना सांगायला हवे होते, आणि मी विसरलो होतो, पुन्हा तेच.

“नाव तर ठावं न्हाई, रावसाहेब,” ते शांतपणे म्हणाले. “पन नावात काय इचारता? माझ्या दावनीचं खुटं त्येच्या हातचं, गोठ्याचं दार त्येच्या हातचं. मळ्यातली मोट मोडली, ती त्यानं केली. पावसाळ्यात आला, दिवाळीत आला, उन्हाळ्यात आला. हितं राहत न्हाई, तर रोज कुटनं येतो? आभाळातनं?”

रावसाहेब लिहीत राहिले. लेखणी थांबली तेव्हा म्हणाले, “ठीक आहे. मी शिफारस करतो.”

टेकचंदने भिंतीला हात टेकवला. कचेरीच्या भिंतीचा चुना तेवढा पक्का आहे.

धोंडिबा मात्र उठले नाहीत. “रावसाहेब, ह्येला कागद देताय, चांगलं हाय. मला?”

“आजोबा, तुम्ही जन्मानेच नागरिक आहात.”

“भाऊसाहेब बी असंच म्हनले. पन उद्या कुनी तुमच्यासारकाच येऊन इचारलं, तर मी हितला हाय ह्ये कोन सांगनार?”

“मी सांगतो,” कोपऱ्यातून टेकचंद म्हणाला.

“तू काय सांगशील रं?”

“सांगतो, हा थेरगावचा आहे. याची म्हैस पण थेरगावची आहे. मी बघितला आहे.”

रावसाहेब मोठ्याने हसले. “आधी तुमचा कागद होऊ द्या. मग द्या साक्ष.”

परवान्याची मुदत संपायला अकरा दिवस राहिले असताना टेकचंदची शपथ झाली. मी बरोबर गेलो होतो; तशी गरज नव्हती. घटनेशी निष्ठा राखीन, देशाचे कायदे पाळीन, एवढीच ती चार ओळींची. फळीवर रेघ मारावी तशी त्याने प्रत्येक ओळ सावकाश म्हटली. मी ती शपथ पूर्वी कितीदा तरी ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले की असे काही मी स्वतः कधीच म्हटलेले नाही. धोंडिबांनीही नाही. आम्हा दोघांना ते फुकट मिळाले होते.

मग मी वसाहतीतली दारे मोजली. दोनशे चौदांपैकी एकसष्ट जागेवर नव्हती. भिंतीवर वीतभर चौकोन सिमेंटने गुळगुळीत करून घेतले आणि नंबर तिथे टाकले. सखाराम कुंचा फिरवताना एकदाच म्हणाला, “भित बरी, असं म्या तवाच म्हनलं व्हतं.” मी म्हणालो, “म्हणाला होतास.” त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. सज्जन माणूस.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्याच वर्षी ‘राहत असल्याचे आढळले नाही’ असे अहवाल मी आणखी तीन लिहिले होते. ते काढून पुन्हा तपासले. दोन बरोबर निघाले. तिसऱ्या माणसाचा शोध लागला नाही. शेजारी म्हणाले, तो कल्याणकडच्या कॅम्पात गेला. माझ्या अहवालाआधी गेला की नंतर, ते कुणाला आठवत नव्हते. मी तिकडच्या कचेरीला दोन पत्रे पाठवली; उत्तर आले नाही. त्याचे नाव मला पाठ आहे. तेवढेच माझ्या हातात राहिले आहे.

निवडणुकीच्या दिवशी माझी नेमणूक वसाहतीच्या शाळेत होती. यादी माझ्यासमोर. रांगेत टेकचंद दिसला, स्वच्छ सदरा, मागे ईश्वरीबाई. पुढे आला तसे मी वाचले, “एकशे अठरा, टेकचंद.” नाव वाचायचे ते मी जरा मोठ्यानेच वाचले. बोटाला शाई लावून घेऊन त्याने मत टाकले. बाहेर पडताना शाईचे बोट तो इतके लांब धरून चालला होता की सदऱ्याला लागायची भीती वाटत असावी.

दुपारी गर्दी ओसरल्यावर पाणी प्यायला बाहेर आलो, तर दोघे शाळेच्या कट्ट्यावर बसले होते.

“काय मिस्त्री, घराला दार झालं की नाही?”

उत्तर ईश्वरीबाईने दिले. “झालं होतं. सागाच्या फळ्यांचं. मंगळवारपर्यंत होतं.”

मी टेकचंदकडे बघितले. तो बोटावरची शाई न्याहाळत होता.

“नवीन बिऱ्हाड आला, साईं. तान्हा मुलगा आहे, वारा लागतो…”

“आणि नंबर?”

“नंबर भिंतीवर आहे,” तो म्हणाला. “तो मी कुणाला देत नाही.”